एका खर्जयंत्राची दोन रूपे

काही दिवसांपूर्वी माझ्या पुतण्याने मला एक प्रश्न विचारला. यंत्रांच्या साहाय्याने संगीत रचण्याचा त्याला छंद आहे आणि वर्षभर साठवलेल्या पैशांतून त्याला खर्जातील सुरावटी वाजवणारे एक लहानसे सिंथेसायझर विकत घ्यावयाचे होते. बाजारात त्याची दोन रूपे मिळतात. एक साधे, म्हणजे १९८१ सालच्या एका जपानी यंत्राची जवळजवळ जशीच्या तशी प्रतिकृती. दुसरे सुधारलेले, म्हणजे त्याच प्रतिकृतीवर आणखी कित्येक कळा आणि खटके बसवलेले. "काका, तुम्ही इतिहासाचे अभ्यासक. साधे घेऊ की सुधारलेले, ते तुम्हीच सांगा," असे तो म्हणाला. वाद्यांच्या दुकानदाराला विचारावयाचा प्रश्न हा मुलगा मला का विचारतो आहे, असे मला प्रथम वाटले. परंतु या प्रश्नाचा विचार करू लागलो तसतसे माझ्या ध्यानात आले की, याचे उत्तर किमतीच्या तक्त्यात सापडणार नाही. ते त्या यंत्राच्या इतिहासातच शोधावे लागेल.

हे मूळ यंत्र म्हणजे रोलँड कंपनीचे टीबी-३०३. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली ओसाका येथे ही कंपनी स्थापन केली आणि तिच्यातील तादाओ किकुमोतो या अभियंत्याने हे यंत्र सिद्ध केले. त्यामागील हेतू अगदी साधा होता. एकट्याने गिटार वाजवणाऱ्या माणसाला साथीला बास गिटारवाला मिळत नाही. तेव्हा ती खर्जाची साथ यंत्राने करावी. तालाची साथ करणारे टीआर-६०६ नावाचे भावंड त्याच्या जोडीला होते. चंदेरी रंगाची प्लॅस्टिकची एक लहान पेटी, तिच्यावर एका सप्तकापुरत्या तेरा पट्ट्या आणि वरच्या बाजूला कळांची एक रांग, असे त्याचे रूप होते. घरात सराव करणाऱ्याची सोय, याहून मोठी महत्त्वाकांक्षा या यंत्राच्या निर्मात्यांनी बाळगली नव्हती.

यंत्राची रचना थोडीशी समजावून घेतल्यावाचून पुढील कथा कळावयाची नाही. आत एकच स्वरजनक आहे. तो एका वेळी एकच स्वर काढतो. त्या स्वराच्या लहरीचा आकार करवतीच्या दात्यांसारखा असावा की चौकोनी, एवढीच निवड वाजवणाऱ्याच्या हाती असते. हा कच्चा, खरखरीत ध्वनी नंतर एका गाळणीतून जातो. चहाची गाळणी जशी चोथा अडवते, तशी ही विजेची गाळणी ध्वनीतील वरचे, तीक्ष्ण अंश अडवते आणि खालचे अंश जाऊ देते. ती किती उघडी ठेवावयाची यासाठी एक कळ आहे. ज्या सीमेवर ती ध्वनी अडवू लागते त्याच ठिकाणी अनुनाद किती वाढवावयाचा, यासाठी दुसरी. प्रत्येक स्वराबरोबर गाळणीने आपोआप किती उघडावे यासाठी तिसरी, किती वेळात मिटावे यासाठी चौथी आणि निवडक स्वरांवर किती जोराचा आघात द्यावा यासाठी पाचवी. सूर मिळवण्याची कळ धरून अशा या सहा कळा.

सुरावट वाजवण्यासाठी येथे बोटे चालवावी लागत नाहीत. सोळा घरांची एक पंगत असते. आपल्या तीनतालाच्या सोळा मात्रांप्रमाणे चारांच्या चार गटांत ती सहज मोजता येते. कोणत्या घरात कोणता स्वर, कोठे विश्रांती, कोणत्या स्वरावर आघात आणि कोणत्या स्वरावरून पुढील स्वरावर घसरत जावयाचे, हे आधी भरून ठेवावयाचे. मग यंत्र ती सुरावट अखंड वाजवीत राहते. ही घसरण बास गिटारवाल्याचे बोट तारेवरून सरकते त्याची नक्कल म्हणून ठेवलेली होती. आपले कान मात्र तिला मींड म्हणूनच ओळखतात. आघाताचीही एक गंमत आहे. आघाताच्या एका स्वरामागून लगेच दुसरा आघाताचा स्वर आला, तर आतल्या विद्युत्संचयकाला रिकामे होण्यास सवड मिळत नाही आणि प्रत्येक आघातागणिक गाळणी आधीपेक्षा अधिक उघडत जाते. परिणामी एखादा माणूस बोलता बोलता चिडत जावा, तसे हे यंत्र चढत्या स्वरात किंचाळू लागते.

परंतु हे सारे ऐकून त्या काळच्या गिटारवाल्याला काय वाटले असेल? त्याला हवा होता बास गिटारचा भारदस्त, लाकडी नाद. मिळाला चिरका आणि ओलसर, रबरासारखा ताणला जाणारा आवाज. शिवाय स्वर एका फेरीत आणि त्यांची लय दुसऱ्या फेरीत भरावयाची, ही पद्धत इतकी किचकट की मनातली सुरावट बाजूला राहून भलतीच सुरावट कानी पडे. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी गत झाली. १९८४ साली उत्पादन बंद पडले. तोवर सुमारे दहा हजार यंत्रे तयार झाली होती आणि त्यांतील पुष्कळशी पडत्या भावाने जुन्या बाजारात गेली.

येथे आपल्या मुंबईचा एक प्रसंग सांगितला पाहिजे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे एक कुशल वादक. बाजारात आलेले नवे वाद्य हाताळून पाहण्याची त्यांना हौस होती. सिंगापूरहून त्यांनी रोलँडची काही यंत्रे आणली आणि त्यांत हे टीबी-३०३ होते. त्या यंत्रांच्या साहाय्याने त्यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. एचएमव्हीने त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे ते ओळखीचे राग. ठेका यंत्राचा, खर्जाची फिरती सुरावट टीबी-३०३ ची आणि रागाचा विस्तार जुपिटर-८ या मोठ्या सिंथेसायझरवर. ध्वनिमुद्रिका खपली नाही. डिस्को ऐकणाऱ्याला तीत राग फार वाटले असतील आणि राग ऐकणाऱ्याला डिस्को. पुढे २००२ साली एका डच संग्राहकाला ती दिल्लीत हाती लागली आणि २०१० साली तिची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा पाश्चात्त्य रसिकांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. ही कोणीतरी अलीकडे केलेली थट्टा असावी, अशी शंकाही कित्येकांनी घेतली. सुदैवाने चरणजित सिंग तेव्हा हयात होते. २०१५ साली मृत्यू येण्यापूर्वी आपल्या त्या कामाचे कौतुक त्यांना पाहावयास मिळाले.

पाश्चात्त्यांना आश्चर्य वाटण्याचे कारण असे की, असा आवाज त्यांनी प्रथम ऐकला होता तो मुंबईच्या पाच वर्षांनंतर, अमेरिकेतील शिकागो शहरातून आलेला. तेथे डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तीन तरुण मित्रांचा फ्यूचर नावाचा एक संच होता. त्यांनी हे टाकाऊ ठरलेले यंत्र जुन्या बाजारातून स्वस्तात घेतले. सुरावट चालू असतानाच पिअर याने त्याच्या कळा फिरवावयास सुरुवात केली. हे कृत्य दिसावयास क्षुल्लक, परंतु साऱ्या कथेचे मर्म त्यातच आहे. त्या कळा एकदा जुळवून सोडून देण्यासाठी होत्या. वाद्य म्हणून वाजवण्यासाठी नव्हत्या. गाळणी उघडता मिटता तीच सोळा घरांची सुरावट रडू लागली, हसू लागली, गुरगुरू लागली. ही ध्वनिफीत त्यांनी रॉन हार्डी याच्याकडे दिली. म्युझिक बॉक्स नावाच्या नृत्यगृहात तो रेकॉर्डी लावीत असे. त्याने एकाच रात्री ती चार वेळा लावली. पहिल्या वेळी लोक नाच थांबवून बाजूला झाले. चौथ्या वेळी ते बेभान होऊन नाचत होते, अशी आठवण पिअर याने सांगितली आहे. १९८७ साली ती रचना 'ॲसिड ट्रॅक्स' या नावाने ट्रॅक्स रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केली. १९८८ च्या उन्हाळ्यापर्यंत ॲसिड हाऊस हे नाव इंग्लंडातील तरुणांच्या तोंडी आणि तेथील वृत्तपत्रांच्या मथळ्यांवर झळकत होते.

मुंबईचे आणि शिकागोचे हे दोन प्रयोग एकमेकांना सर्वस्वी अपरिचित होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. एकाची प्रेरणा दुसऱ्याने घेतली, असे म्हणण्यास कोणताच आधार नाही. दोन्ही ठिकाणी साम्य निर्माण केले ते यंत्राने. मात्र दोन्ही ठिकाणी यंत्र तेच आणि तसेच असूनही मुंबईच्या वादकाने त्यात मींड ऐकली, तर शिकागोच्या मुलांनी गाळणीचे रडणे ऐकले. म्हणजे ज्याला आपण 'साधे' यंत्र म्हणतो, त्याचा ठरीव उपयोग करून कोणीच नाव मिळवले नाही. निर्मात्याच्या मनातले यंत्र फसले. लोकांच्या हातातले यंत्र गाजले.

यानंतर जे व्हावयाचे ते झाले. मूठभर यंत्रे, मागणी जगभर. त्यामुळे अडगळीतल्या वस्तूला रत्नाचा भाव आला. आणि ज्यांच्याकडे ते होते त्यांना त्याच्या मर्यादा जाणवू लागल्या. १९९३ साली ऑस्ट्रेलियातील रॉबिन व्हिटल या तंत्रज्ञाने 'डेव्हिल फिश' नावाची सुधारणा सिद्ध केली. मालकाने आपले मूळ यंत्र त्याच्याकडे द्यावयाचे; तो त्याच्या अंगाला भोके पाडून नव्या कळा, खटके आणि जोडण्या बसवून देणार. मूळ यंत्रात मींडेचा काळ सुमारे ६० मिलिसेकंद इतका ठरलेला. आता तो ३६० पर्यंत लांबवता येऊ लागला. आघाताच्या स्वराची गाळणी पूर्वी ठरावीक वेळातच मिटे. आता त्यासाठी स्वतंत्र कळ आली. मूळ यंत्राचा अनुनाद स्वतःहून शीळ घालू लागण्याच्या उंबरठ्यावर येऊन थांबत असे. आता तो उंबरठा ओलांडता येऊ लागला. आवाज गाळणीत शिरण्यापूर्वीच त्याला इतका जोर देता येऊ लागला की तो फाटून निघावा. आणि विशेष म्हणजे, नव्या कळा योग्य खुणांवर ठेवल्या की जुना आवाज परत मिळावा, अशी काळजी व्हिटलने घेतली. मूळ गुणाची जाण असलेल्या माणसाचे हे काम आहे, हे यावरून दिसते.

सुधारणा हा शब्द आपण नेहमी आदराने उच्चारतो. परंतु वाद्यांच्या इतिहासात त्याचे निरनिराळे अर्थ आहेत. आपल्या बाजाच्या पेटीचेच उदाहरण घ्या. पेटी युरोपातून आली ती बारा ठरीव स्वर घेऊन. तिच्यात श्रुती नाहीत आणि मींडही नाही, हा तिच्यावरील जुना आक्षेप. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुतींची पेटी तयार करविली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वादही झडले. मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे कचेरीचे काम सांभाळून श्रुती मोजीत बसलेल्या या दोघा गृहस्थांविषयी मला विशेष जिव्हाळा वाटतो. परंतु त्यांची पेटी रूढ झाली नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने साध्या पेटीलाही केंद्राची दारे बंद केली आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. तरीही घरोघरी, भजनी मंडळांत आणि संगीत रंगभूमीवर साधी पेटीच नांदली. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने तिच्या मर्यादांतूनच तिची वाणी घडवली.

याउलट सतारीकडे पाहा. रविशंकरांनी सतारीच्या खर्जाच्या तारा राखल्या आणि त्यांतून धीरगंभीर आलाप उभा केला. विलायत खाँ यांनी त्या तारा काढून टाकल्या आणि गळ्यासारखी गाणारी सतार घडवली. हीही सुधारणाच, पण ती रूढ झाली, कारण काय गावयाचे आहे हे वादकाला आधी ठाऊक होते आणि वाद्यातील बदल त्यामागून आला. श्रुतींची पेटी सिद्धांतातून जन्मली. खाँसाहेबांची सतार गाण्यातून जन्मली. माझ्या मते दोहोंतील खरा भेद हाच आहे. या कसोटीवर डेव्हिल फिश सतारीच्या बाजूचे ठरते. १९९३ पर्यंत शिकागोपासून युरोपापर्यंत हजारो हातांनी मूळ यंत्राचा कस पाहिलेला होता आणि त्या हातांना काय कमी पडते हे कळून चुकले होते.

तरीही एक गोष्ट मनाला बोचते. अशी सुधारणा करताना मूळ यंत्राला भोके पाडावी लागतात आणि पाडलेले भोक बुजवले तरी पूर्ववत होत नाही. आमच्या कचेरीत अस्सल दस्तावर खाडाखोड चालत नाही. बदल करावयाचा तर चूकदुरुस्तीचा स्वतंत्र दस्त करावा लागतो. १९९३ साली या न्यायाने वागणे शक्य नव्हते. अस्सलाशिवाय दुसरे काहीच उपलब्ध नव्हते आणि वादकाच्या दृष्टीने ते वाद्य होते, संग्रहालयातील वस्तू नव्हती. त्या काळी ज्यांनी सुधारणा करून घेतली त्यांना दोष देता येणार नाही. त्यांची यंत्रेही आता इतिहासाचाच भाग झाली आहेत. परंतु आज परिस्थिती बदलली आहे. २०१९ साली बेहरिंगर कंपनीने टीडी-३ ही स्वस्त प्रतिकृती बाजारात आणली आणि पुढे तिचेच टीडी-३-एमओ हे सुधारित रूप काढले. त्यावरील बहुतेक जादा कळा डेव्हिल फिशच्याच वळणावर गेलेल्या आहेत. नक्कल इतकी सहज मिळत असताना उरल्यासुरल्या अस्सलावर सुरी चालवण्याचे आता कारण उरलेले नाही. ज्याच्याकडे मूळ, अस्पर्श टीबी-३०३ असेल त्याने ते तसेच राखावे आणि वाजवावे.

मग पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर काय? सुधारलेल्या यंत्रात साधे यंत्र सामावलेलेच आहे, तेव्हा थोडे जास्त पैसे देऊन दोन्ही का घेऊ नयेत, असा युक्तिवाद त्याने केला. तत्त्वतः तो बरोबर आहे. परंतु जुन्या आवाजाकडे परत यावयाचे तर तो आवाज कोठे होता हे कानाला ठाऊक असावे लागते. साध्या यंत्राच्या कळांचा पल्ला आखूड आहे, म्हणूनच त्या कोठेही ठेवल्या तरी बहुधा काही तरी ऐकण्याजोगे निघते आणि हात त्यांना लवकर सरावतो. सुधारलेल्या यंत्राचा पल्ला लांब. तेथे आवाज हरवून जाण्याच्या किंवा नुसताच कर्कश होण्याच्या जागाही तितक्याच अधिक. चरणजित सिंगांना दहा राग बसवण्यास आणि शिकागोच्या मुलांना एक नवे संगीत जन्माला घालण्यास त्या सहा कळा पुरल्या. त्यांना वाव कमी होता, असे म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.

याचा अर्थ मूळ तेवढे पवित्र आणि सुधारलेले तेवढे भ्रष्ट, असा मात्र नव्हे. जे यंत्र स्वतःच आपल्या निर्मात्याच्या हेतूविरुद्ध वागून मोठे झाले, त्याच्या नावाने सोवळे पाळणे हास्यास्पद ठरेल. ज्याचे कान आणि हात साध्या यंत्राच्या सीमेपर्यंत खरोखर जाऊन पोहोचले आहेत, त्याला सुधारलेल्या यंत्राचा मोह पडणे न्याय्यच आहे. प्रश्न एवढाच की, ती सीमा आपण स्वतः गाठली आहे, की कोणी तरी गाठल्याचे नुसते ऐकले आहे.

म्हणून मी पुतण्याला सांगितले, "बाबा रे, तू साधेच घे. वर्षभर त्या सहा कळांशी झगड. मींड एवढीच का, आघात लगेच का मिटतो, अनुनाद ऐन वेळी थांबतो का, असे प्रश्न तुझे तुलाच पडू देत. आणि कोणती कळ कमी पडते हे ज्या दिवशी तू मला नावानिशी सांगशील, त्या दिवशी सुधारलेले घे. त्यासाठी कमी पडतील ते पैसे मी देईन."

त्याने साधे यंत्र घेतले. परवा त्याच्या खोलीवरून जाताना यमनाच्या स्वरांची एक फिरती सुरावट आतून ऐकू आली. तीव्र मध्यमावरून पंचमावर जाणारी घसरण किंचित तोकडी वाटत होती. पैशांची तरतूद करून ठेवली पाहिजे, असे माझ्या मनात येऊन गेले.